काचेच्या रानातलं लाल सरबत

आमच्याकडे बाई कामाला निघाली की पाणी पीत नाही. पहाटे चुलीपाशी घोटभर चहा काय तो पोटात जाईल तेवढाच, मग घरी परत येईपर्यंत तोंड कोरडं. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठं हे पुरुषांना सुचत नाही आणि बायका विचारत नाहीत. माझी आई अशीच जगली. रस्त्याच्या कामावर दिवसभर दाबून धरायची. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला आग व्हायला लागली, की धने भिजत घालून ते पाणी प्यायची आणि पुन्हा कामावर जायची.

तिची शेवटची उन्हाळी दोन हजार चौतीसच्या मार्चमधली. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मी तेव्हा जतच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणून डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्याच हातात दिला. कागदावर सतरा औषधांची नावं होती आणि सतराही नावांपुढे एकच शेरा होता, की हे औषध या जंतूंवर चालत नाही. हाच धडा वर्गात मी वहीभर उतरवून घेतला होता आणि परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते. दहाव्या दिवशी आई गेली. कशाने गेली हे सांगायचीसुद्धा लाज, म्हणून आम्ही लोकांना तापाने गेली असं सांगितलं.

माझी थोरली बहीण स्वाती, तिला मी आक्का म्हणते. ती मला तिच्या सासरी, बोरहळ्ळीला घेऊन गेली. सासूने तोंड वाकडं केलं तरी तिने मला पदवी पुरी करू दिली. परीक्षेच्या दिवसांत ती मला कपबशीसुद्धा विसळू द्यायची नाही. आक्का नसती तर माझ्या हातात पदवीऐवजी खुरपं आलं असतं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

त्याच सुमारास बोरहळ्ळीच्या माळावर सौरऊर्जेचा पार्क उभा राहिला. चार हजार एकरांत नुसत्या काचा. बायका त्याला काचेचं रान म्हणायच्या. सावली पडली की वीज कमी होते म्हणून कंपनीने त्या माळावर एक बाभूळ ठेवली नाही, एक झुडूप ठेवलं नाही. काचा पुसायला यंत्रं होती, पण पक्ष्यांची घाण आणि क्षाराचे थर यंत्राने निघत नसत. त्यासाठी अडतीस बायकांची टोळी लागली आणि टोळीवर पर्यवेक्षक म्हणून मी लागले. आक्का माझ्याच टोळीत होती.

तापलेली काच शोधायला दर वीस मिनिटांनी डोक्यावरून ड्रोन फिरायचा. बायकांनी त्याचं नाव घार ठेवलं. घारीचा कॅमेरा उष्णता टिपायचा, आणि माणसाचं अंगही उष्णच असतं. एकदा दोन रांगांच्या मधे लघवीला बसलेली एक बाई कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसली. तिथली पोरं हसली आणि ते हसणं गावापर्यंत पोचलं. ती बाई पुन्हा कामाला आली नाही, तिच्या जागी दुसरी आली, आणि त्या दिवसापासून अडतीसही जणींनी सहा ते चार बसणंच सोडलं.

वर्षभरात टोळीत नऊ जणींना उन्हाळी लागली आणि त्यातली एक दगावली. तेव्हा आक्काने बायकांना घेऊन गेटवर ठिय्या दिला. तीन दिवस त्या तिथे बसल्या. पार्कचे व्यवस्थापक सोनटक्के बाहेर आले तेव्हा आक्का एकटीच उठून उभी राहिली. मोठ्या, स्वच्छ आवाजात तिने मांडलेलं म्हणणं साधं होतं: दर शंभर एकराला एक संडास, वर छप्पर, दाराला कडी. सोनटक्के सभ्य माणूस होते. नळ टाकावे लागतील, काचांच्या रांगा हलवाव्या लागतील, वर्ष तरी जाईल, असं ते म्हणाले. मग मला आत बोलावून त्यांनी टेबलावर एक लाल बाटली ठेवली. ही सोमवारपासून मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

त्या बाटलीत काय होतं ते सांगायला हवं. मूत्रमार्गातले जंतू नुसते तरंगून रोग करत नाहीत. त्यांच्या अंगावर बारीक केस असतात आणि केसांच्या टोकाला पकड असते. त्या पकडीने ते आतल्या अस्तराला धरून बसतात आणि तिथेच पिलावळ वाढवतात. धरता आलं नाही, तर पुढच्या लघवीबरोबर बाहेर जातात. क्रॅनबेरी हे थंड देशांतलं आंबट लाल फळ. त्याच्या रसाने ही पकड ढिली होते हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं, पण रस दुबळा होता. वारंवार त्रास होणाऱ्या काही बायकांना त्याचा गुण यायचा, काहींना यायचा नाही, आणि एकदा रोग जडला की त्यावर तो औषध म्हणून चालत नसे.

नव्या संशोधकांनी त्या फळातला नेमका रेणू उचलला, त्याची घडण बदलली आणि यीस्टच्या टाक्यांत तो तयार करायला घेतला. आता तो शंभरपट बळकट होता आणि सकाळी घेतला की रात्रीपर्यंत टिकायचा. चवीला आणि रंगाला त्यात आपल्या करवंदाचा आटवलेला रस घालत. जंतू मरतच नसल्यामुळे, औषधाला पुरून उरलेल्या जंतूंचीच पिलावळ माजायची हा जुना घोळ इथे नव्हता. आईच्या कागदावरच्या सतरा नावांची जी गत झाली, ती याची सहजासहजी होणार नव्हती. मी माहितीपत्रक तिथल्या तिथे दोनदा वाचलं आणि मला रडू आलं.

पत्रकाच्या शेवटी एक ओळ होती. सोबत दिवसाला तीन लिटर पाणी पिणे आवश्यक. सुटलेला जंतू वाहून जायला धार लागते, आणि आटवलेल्या रसातले क्षारही पाण्यानेच धुतले जातात. ती ओळही मी वाचली. वाचली नाही असं म्हणायला मला जागा नाही.

सोनटक्क्यांनी एका कागदावर माझी सही मागितली. महिला कामगारांची सोय झाली असून स्वच्छतागृहांची तातडीची निकड नाही, असा त्यातला मजकूर होता. मी सही केली आणि गेटवर येऊन बायकांना उठवायला लागले. सगळ्या उठल्या, आक्का मात्र बसून राहिली.

“संडास मागितला तर सरबत देत्यात,” ती म्हणाली. “ह्ये कुठलं गं शास्त्र?”

मी तिला केस, पकड, अस्तर सगळं समजावलं. आई ज्याने गेली ते आता कुणाला होणार नाही, आधी हे पदरात पाडून घेऊ, संडासासाठी मग भांडू, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणाले. ती पदर झटकत उठली.

“मला त्यातलं काय कळत न्हाय. तू म्हणतीस म्हणून पिते.”

सोमवारपासून रोज सकाळी सहाला मी प्रत्येकीला लहान पेला भरून द्यायची आणि समोर उभं राहून प्यायला लावायची. पाणी प्या, पाणी प्या, असंही रोज सांगायची. त्या हसायच्या. पाणी पिऊन जायचं कुठं, असं एखादी विचारायची आणि मी यादीवर खूण करून पुढे सरकायची.

मी स्वतःही तेच सरबत प्यायची. पण मी दिवसातून दोनदा, अकराला आणि अडीचला, स्कूटरवरून तीन किलोमीटरवरच्या कंट्रोल रूमला जायची. आकडे भरायला, असं टोळीला सांगितलेलं. आकडे मोबाइलवरूनही भरता आले असते. कंट्रोल रूमच्या मागे अधिकारी बायकांसाठी एक स्वच्छतागृह होतं, पांढऱ्या फरशीचं, आतून कडी असलेलं, आणि पर्यवेक्षक म्हणून त्याचं कार्ड मला मिळालं होतं. मी तिथे जायची, हात धुवायची, बाटलीभर गार पाणी प्यायची आणि परत यायची. मीपण तुमच्यासारखीच आहे, असं मी बायकांना एकदा सांगून बसले होते. त्यानंतर खरं सांगायला तोंड उरलं नाही. आक्कालासुद्धा सांगितलं नाही.

सरबताने गुण दिला. पहिल्या वर्षात एकही उन्हाळी नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. अडतीस बायका आणि शून्य रोग, हा आकडा कंपनीने तक्ता करून सगळीकडे दाखवला. सोनटक्क्यांना बढती मिळाली. संडासाचं नाव मी दुसऱ्या वर्षी एकदा काढलं, तर त्यांनी तक्ता पुढे केला आणि रोगच नाही तर खर्च कशासाठी दाखवू, असं विचारलं. पुढे ऐकलं की नवीन पार्कांच्या आराखड्यात बायकांची स्वच्छतागृहं धरतच नाहीत. त्या जागी सरबताची पेटी धरतात आणि पुरावा म्हणून आमची टोळी दाखवतात. काही गोदामांनी आणि बांधकामांनीही तोच नमुना उचलला होता.

आग थांबली तशी बायकांची सहनशक्ती वाढली. आधी निदान दुखायचं म्हणून एखादी चारला सुटल्यावर वाटेत कुठेतरी आडोसा शोधायची. आता दुखतच नव्हतं. पहाटे पाचपासून संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक होईपर्यंत धरून ठेवणं अंगवळणी पडलं, आणि त्याची एकमेकींत प्रौढीसुद्धा मिरवली जायची. शरीराकडे ओरडायला एकच तोंड होतं, ते आम्ही बंद केलं.

चौथ्या उन्हाळ्यात आक्काची जोडवी निघेनात. पाय सुजले होते. उन्हानं होतंय, ती म्हणाली. मग जेवणाची चव गेली, अंगाला खाज सुटली, सकाळी तोंड सुजायला लागलं. ताप नाही, आग नाही, दुखणं नाही. मी तिला बळेच मिरजेला नेलं. तिथे डॉ. नाझनीन मुजावर नावाच्या मूत्रपिंडतज्ज्ञ होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला, सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे वळवला. आक्काच्या दोन्ही किडन्या आक्रसून गेल्या होत्या आणि आत वाळूसारखे खडे भरले होते.

डॉक्टरांना कोडं एवढंच होतं की इतकं होईपर्यंत एकदाही जंतुसंसर्ग कसा झाला नाही. मी सरबताचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ऊन, कोरडं पोट आणि वर हा आटवलेला रस, म्हणजे खडे होणारच, असं त्या म्हणाल्या. आणि तासन्‌तास धरून ठेवलं की मूत्राशयातला दाब मागे किडन्यांपर्यंत जातो. सरबताने आपलं काम चोख केलं होतं, जंतूला धरू दिलं नव्हतं. पण वाहून न्यायला पाणीच नव्हतं, आणि संसर्ग झाला असता तर बाई वर्षभरात तरी डॉक्टरकडे आली असती. आता डायलिसिस किंवा दुसरी किडनी, तिसरा रस्ता नाही.

मी उरलेल्या सदतीस जणींचं रक्त तपासून घेतलं. दहा जणींच्या किडन्या बिघडायला लागल्या होत्या. सगळ्यात लहान प्राजक्ता चोवीस वर्षांची होती. मी ते अहवाल घेऊन कंपनीत गेले. सोनटक्क्यांच्या जागी आता दुसरे कुणी होते. त्यांनी माझीच सही असलेला कागद माझ्यासमोर ठेवला. मग अत्यंत शांतपणे विचारलं की सरबत उद्यापासून बंद करू का. बंद केलं तर जुने जंतू परत येणार होते, आईला नेणारे, आणि त्यांच्यावर चालेल असं औषध आजही नव्हतं. चालू ठेवलं तर किडन्या जाणार होत्या. एकात माणूस दहा दिवसांत मरतो, दुसऱ्यात दहा वर्षांत, आणि बायकांना आगीतून फुफाट्यात मीच आणलं होतं. मी सही मागे घेत असल्याचं लिहून दिलं. महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. मला कामावरून काढलं, आणि सरबताच्या बाटलीवर एक नवी चिठ्ठी आली, भरपूर पाणी प्या अशी.

डायलिसिसवर असलेल्या माणसाला पाणी मोजून मिळतं. आक्काला दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. आयुष्यभर पाण्याला नाही म्हणालेली माझी बहीण आता बर्फाचा खडा जिभेवर धरून पडून राहायची. आठवड्यातून तीनदा मी तिला मिरजेला न्यायची. नवरा पहिले दोन महिने आला, मग त्याला वेळ होईना. आक्का खंगत गेली. मी माझी किडनी द्यायची ठरवलं तेव्हा ती नको म्हणाली, तुझं आयुष्य पडलंय म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली मला बसवत नव्हतं.

माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीही जुळलं. निकालाच्या दिवशी आक्का डायलिसिसच्या खाटेवर होती, हाताला नळ्या लावलेल्या, आणि डॉक्टर मुजावर तिथेच आल्या. माझ्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत, द्यायला काही हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग कागद चाळता चाळता त्या थबकल्या.

“तुम्हीही चार वर्षं तिथंच होतात ना? तेच सरबत घेत होतात?”

मी हो म्हणाले.

“मग तुमच्यात खडा सोडा, वाळूसुद्धा नाही. असं कसं?”

त्यांनी डॉक्टर म्हणूनच विचारलं होतं. मला खोटं बोलता आलं असतं. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण आक्काने मान वळवली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला हिशेब लागताना दिसत होता.

“अकराला आन्‌ अडीचला,” ती हळू म्हणाली. “आकडं भराय.”

“आक्का, तिथं ऑफिसात होतं एक,” मी म्हणाले. “मला कार्ड दिलेलं.”

डॉक्टर कागद घेऊन निघून गेल्या. यंत्र आक्काचं रक्त बाहेर काढत होतं आणि धुऊन परत आत घालत होतं. ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. डायलिसिसचे अजून दोन तास बाकी होते, तेवढा वेळ मी शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. सुई निघाली, पट्टी बांधली, तेव्हा ती उठून बसली.

“अक्षू, किडनी घेते मी,” ती म्हणाली. “नको म्हणणार न्हाय आता. पर तू दिलीस असं कुणाला सांगू नको. माझी हुती ती माघारी घेते.”

मी मान हलवली. ती बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं.

पावसाळा सरताना शस्त्रक्रिया झाली. माझी डावी किडनी तिच्या पोटात गेली आणि टेबलावरच चालू झाली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिला काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. अंगाने परकी किडनी झिडकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली होती, आणि प्रतिजैविकांचा भरवसा तर राहिलेलाच नव्हता. तिला आता जन्मभर रोज तेच सरबत घ्यावं लागणार होतं, आणि सोबत तीन लिटर पाणी. नर्सने मला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी टाक्यांच्या दुखण्याने डोळे पुसतेय.

सहाव्या दिवशी मला चालायला परवानगी मिळाली. टाक्यांवर हात धरून मी हळूहळू तिच्या खोलीपर्यंत गेले आणि काचेबाहेर उभी राहिले. मधल्या जाळीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं. सकाळीच तिची लघवीची नळी काढली होती. तिच्या तोंडावरची सूज उतरली होती, ओठ ओले होते. ती पाणी पीत होती, तांब्याने, घटाघटा. गेल्या वर्षभरात मी तिला असं पिताना पाहिलं नव्हतं. आधीही कधी पाहिलं होतं की नाही, आठवत नाही.

तांब्या खाली ठेवताना तिला मी दिसले. मी हात वर केला. तिने नजर वळवली नाही, माझ्याकडे सरळ बघितलं, ओळखीचं कुणी नसावं तसं. मग गेटवरच्या त्याच मोठ्या, स्वच्छ आवाजात तिने नर्सला हाक मारली.

“सिस्टर, मला जायचंय. पडदा वडा.”

नर्सने काचेवरून हिरवा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला. पडदा परत उघडेल म्हणून मी तासभर भिंतीला टेकून उभी राहिले, मग वॉर्डातल्या माणसाने मला माझ्या खाटेवर नेऊन निजवलं.